माळकऱ्याच्या घशातला काटा

दोन वर्षांपूर्वीच्या पौष महिन्यातील ही गोष्ट. एका सोमवारी सकाळी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. ते माझे जुने रुग्ण. मधुमेह आहे, गोळ्या वेळेवर घेतात, दाताची कवळी आहे, प्रकृती काटक. कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून मी हे लिहीत आहे, कारण त्यांच्यामुळे मला जे उमगले ते घरोघरी कळावे असे मनापासून वाटते.

"गिळताना टोचायलंय, साहेब," ते म्हणाले. "भाकरीचा घास उतरतच नाही. पाणी पेलं तरी उजव्या अंगाला टुचकन लागतंय."

थंडीचे दिवस होते. अर्ध्या गावाचा घसा धरला होता. मी बॅटरीच्या उजेडात तपासले. घसा किंचित लाल होता, ताप नव्हता, टॉन्सिलवर काही दिसत नव्हते. टोचते म्हणाले म्हणून विचारले, "मासा वगैरे खाण्यात आला होता का?" त्यांनी गळ्यातील तुळशीच्या माळेला हात लावला आणि हसून म्हणाले, "माळकरी माणूस हाय मी. दर एकादशीला नर्सीला नामदेव महाराजांच्या पायावर डोकं ठेवणारा. माझ्या घशात काटा कुठून येईल?"

मीही हसलो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वेदनाशामक गोळ्या आणि दोन दिवसांनी भेटण्याचा सल्ला देऊन त्यांना घरी पाठवले. जवळजवळ तीस वर्षांच्या अनुभवाने आलेला तो आत्मविश्वास होता, आणि तो चुकीचा होता.

बुधवारी संध्याकाळी मुलगा त्यांना घेऊन आला. आता लाळ गिळणेही अवघड झाले होते. हातरुमालात थुंकत होते. मानेची उजवी बाजू दाबली की चेहरा वेडावाकडा होई. तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो सोमवारीच विचारायला हवा होता: "दुखणे नेमके कोणत्या जेवणापासून सुरू झाले?"

"रविवारी आखाड्यावर वांग्याचं भरीत खाल्लं, तवापासून," ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले. त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मी विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नाही.

मानेचा बाजूने एक्स-रे काढला. जिभेच्या मुळाशी केसासारखी बारीक, दीड सेंटिमीटर लांबीची पांढरी रेघ दिसली. मधुमेह असल्याने जंतुसंसर्ग पसरण्याची भीती अधिक, म्हणून त्याच रात्री त्यांना नांदेडला पाठवले. तेथे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहून चिमट्याने ती वस्तू काढली. ती होती पोलादी तार. एक टोक अणकुचीदार, दुसरे किंचित वाकलेले.

तार आली कोठून?

पुण्यात नोकरी करणारा नातू सुट्टीला आला होता. आखाड्यावर हुरड्याचा बेत ठरला. परंपरेप्रमाणे गोवऱ्यांची आगटी पेटवून तिच्यात कणसे भाजली गेली. नातवाने सोबत घडीची बार्बेक्यूची शेगडी आणली होती. शनिवारी रात्री तिच्या जाळीवर पनीर, बटाटे आणि मक्याची कणसे भाजली. तेल, मसाला आणि पनीर जळून जाळीला घट्ट चिकटले.

रविवारी सकाळी ती काळी जाळी आजींच्या दृष्टीस पडली. ज्या बाईने आयुष्यभर तव्याची पाठसुद्धा काळी राहू दिली नाही, तिला ते कसे पाहवणार? शेगडीसोबत तारांचा एक ब्रश होता. आजींनी तो घेतला आणि जोर लावून जाळी लख्ख केली. दुपारी तिच्यावर वांगी भाजली गेली. ब्रशची सुटलेली एक तार जाळीच्या सांध्यात अडकली होती, ती वांग्याच्या मऊ गरात रुतली. साल काढली, वांगे ठेचले, वरून तेल, मिरची, कोथिंबीर. त्या भरतात ती तार कोणाला दिसणार?

हा प्रकार आपल्याकडे नवा वाटला, तरी जगाला नवा नाही. अमेरिकेत बार्बेक्यूची पद्धत घरोघरी आहे. तेथील ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात अशा तारा गिळल्या गेलेले सहा रुग्ण एकाच रुग्णालय-समूहात आढळले. काहींच्या घशात तार रुतली होती, तर काहींच्या आतड्याला छिद्र पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली होती. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२ च्या जुलैमध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात ही माहिती प्रसिद्ध केली. पुढे २०१६ मध्ये मिसुरी विद्यापीठातील संशोधकांनी २००२ ते २०१४ या वर्षांतील नोंदींवरून अंदाज बांधला, की त्या देशात अशा सुमारे १,७०० इजा तातडीच्या विभागांत आल्या असाव्यात. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हा आकडा लहान आहे. परंतु ज्याच्या घशात तार रुतते, त्याला आकड्याच्या लहानपणाचा काय उपयोग?

बार्बेक्यू आपल्याकडे क्वचित, हे खरे. पण पापड आणि वांगी भाजण्याची जाळी कोणत्या घरात नाही? आणि ती जाळी आपण कशाने घासतो? बहुतेक घरांत स्टीलच्या तारेच्या घासणीने. ती घासणी महिनोन्महिने वापरली जाते. तिचे तुकडे मोरीत पडलेले आपण पाहतो, कधी बोटात रुतल्यावर काढतो. जो तुकडा बोटात रुततो, तो जाळीच्या विणीतही अडकू शकतो. त्या दिवशी घरी जाऊन मी आमच्या स्वयंपाकघरातील जाळी खिडकीच्या उजेडात धरली. कडेच्या वळणात घासणीचा एक चमकता वेढा अडकलेला होता. त्याच जाळीवरचा पापड मी आदल्या रात्री खाल्ला होता.

वयस्कांना धोका अधिक का?

तरुण माणसाच्या तोंडात बारीक खडा आला तरी तो घास थांबवतो, कारण टाळू अत्यंत संवेदनशील असते. वरची पूर्ण कवळी लावली की टाळू झाकली जाते. खडा, हाड, तार यांची चाहूल लागतच नाही. शिवाय दात नसल्याने मऊ पदार्थ फारसे न चावता गिळले जातात. मोतीबिंदूमुळे ताटातील बारीक वस्तू दिसत नाही. मधुमेहात जखम चिघळण्याची शक्यता अधिक. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लहानशा जखमेतूनही रक्तस्राव लांबतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपले वडीलधारे दुखणे अंगावर काढतात. "होईल बरं दोन दिवसांत" असे म्हणत चार दिवस काढणारी ती पिढी आहे.

धोका खाणाऱ्यालाच असतो असेही नाही. भांडी घासण्याचे काम अजूनही अनेक घरांत आजीच करते. मधुमेहाने हातापायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला जाळी किती तापली आहे हे वेळेवर कळत नाही आणि बोटे भाजतात. कोळशाच्या शेगडीत तर वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा जिवंत राहू शकतो. म्हणून राख काढण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडावे, ती पत्र्याच्या डब्यात भरावी, प्लास्टिकच्या बादलीत कदापि भरू नये. थंडी आहे म्हणून धुमसती शेगडी बंद खोलीत आणणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो.

"मग घासायचं कसं?"

हा प्रश्न माझा नाही, आजींचा आहे. पतीला नांदेडहून घरी आणल्यावर चौथ्या दिवशी त्या एकट्याच दवाखान्यात आल्या. पदराआडून त्यांनी तो ब्रश काढून टेबलावर ठेवला. घरात दोष नातवाला दिला जात होता. "ही शहरातली थेरं आणलीस कशाला," म्हणून वडिलांनी त्याला सुनावले होते आणि तो सुट्टी अर्धवट टाकून पुण्याला परतला होता. जाळी कोणी घासली हे कोणी विचारलेच नव्हते, आणि आजींनीही सांगितले नव्हते.

"मीच घासली होती, साहेब," त्या म्हणाल्या. "पोराचा काही दोष नाही. घरात सांगायची हिंमत होईना. चार दिस झाले, चुलीजवळ बसायचं भ्या वाटायलंय."

मी त्यांना सांगितले की दोष वाटायचाच असेल तर एक वाटा माझाही आहे. माळ पाहून मी काट्याचा विचार सोडून दिला आणि दोन दिवस वाया घालवले. तुम्ही जे केले ते स्वच्छतेच्या ओढीने केले; साधन तेवढे चुकीचे होते. त्यांनी डोळे पुसले, आणि मग ज्या स्त्रीने पन्नास वर्षे संसार केला तिचा व्यवहारी स्वर परत आला: "मग घासायचं कसं?"

त्यांना जे सांगितले तेच येथे सविस्तर देतो.

जाळी कोमट असतानाच कामाला घ्यावी. तापलेली जाळी भाजते आणि पूर्ण थंड झालेल्या जाळीवरचे तेल-मसाल्याचे थर दगडासारखे होतात. भाजणे संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, जाळीजवळ हात नेऊन उष्णता जोखावी आणि संवेदना कमी असलेल्या व्यक्तीने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. मोठे जळके तुकडे लाकडी उलथण्याने किंवा कालथ्याने खरवडून काढावेत.

त्यानंतर घासण्याची घाई करू नये, भिजवावे. परातीत गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन जाळी अर्धा तास बुडवून ठेवावी. थर जुना असेल तर खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून केलेला लेप लावून रात्रभर ठेवावा. सोडा अल्कधर्मी असल्याने जळलेल्या तेलाची पकड सैल करतो. आपल्या आजी-पणजी चुलीच्या राखेने भांडी घासत त्यामागेही हेच शास्त्र होते: लाकडाच्या राखेतील क्षार तेलाशी मिळून साबणासारखे काम करतात. राख वापरायची तर ती चाळून घ्यावी, खडे राहू देऊ नयेत आणि हाताला चिरा असतील तर वापरू नये. ॲल्युमिनियमच्या जाळीवर मात्र सोडा फार वेळ ठेवू नये, ती काळवंडते.

लिंबू आणि सोडा एकत्र करून फेस आणण्याची पद्धत अलीकडे फार दिसते. फेस पाहून समाधान होते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांचा प्रभाव घालवून बसतात. सोड्याने तेलकट थर सैल करावा, जाळी धुवावी आणि शेवटी हवे तर लिंबाची फोड फिरवावी.

घासण्यासाठी नारळाचा काथ्या, वाळलेल्या गिलक्याची घासणी किंवा नायलॉनची घासणी उत्तम. नायलॉन गरम जाळीवर वितळते, म्हणून ती थंड जाळीवरच वापरावी. भिजवणे नीट झाले असेल तर जोर लावावा लागत नाही, आणि जोर लावावा लागत नसेल तर तारेच्या ब्रशची गरजच उरत नाही. स्टीलच्या घासणीचा मोह सुटत नसेल, तर ती तव्याच्या पाठीपुरती ठेवावी. विणलेल्या जाळीला लावू नये आणि तुकडे पडू लागताच फेकून द्यावी.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. जाळी वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवावी. मग पांढरे ओले फडके घडी करून जाळीच्या प्रत्येक ओळीवरून पुसत जावे. तारेचा तुकडा असेल तर तो फडक्यात अडकतो. त्यानंतर जाळी उन्हात किंवा दिव्यासमोर तिरपी धरून पाहावी. ज्यांची नजर अधू आहे त्यांनी नातवंडांकडून पाहून घ्यावे. मग मिनिटभर मंद आचेवर वाळवावी म्हणजे गंज धरत नाही. लोखंडी जाळीला तेलाचे बोट फिरवून ठेवले तर पुढच्या वेळी पदार्थ कमी चिकटतो.

जाळी थोडी काळसर राहिली तर चालेल का, असे आजींनी विचारले. चालेल. सुटणारा, बोटाला लागणारा काळा थर मात्र काढलाच पाहिजे, कारण करपलेल्या तेला-पिठाचे ते कण पुढच्या पापडाला चिकटून पोटात जातात. धुऊन-पुसून झाल्यावर फडके स्वच्छ निघत असेल तर धातूचा रंग बदलला म्हणून खंत करू नये. जाळी आरशासारखी चकाकण्याची आवश्यकता नाही.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. शौचालय साफ करण्याचे ॲसिड जाळीला लावू नये. जस्ताचा मुलामा असेल तर तो जातोच, शिवाय वाफा छातीला त्रास देतात. आणि असे ॲसिड ब्लीचिंग पावडरसोबत चुकूनही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा घातक वायू निघतो. बाजारातील जळके डाग काढणाऱ्या अनेक द्रावणांत कॉस्टिक सोडा असतो. तो डोळ्यांत उडाला तर डोळा चोळू नये, लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि मग थेट डॉक्टरांकडे जावे.

जाळीखालच्या गॅसच्या बर्नरकडेही लक्ष द्यावे. वांग्याचा रस गळून त्याची छिद्रे बुजतात, ज्योत निळीऐवजी पिवळी होते आणि भांड्यांवर काजळी धरते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, थंड झालेला बर्नर काढावा, छिद्रे टाचणीने मोकळी करावीत, धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावरच बसवावा.

टोचले तर काय करावे?

भाजलेला पदार्थ खाताना किंवा खाल्ल्यावर एकाच ठिकाणी टोचू लागले, गिळताना ते वाढले, तर केळे, भाताचा गोळा किंवा सुकी भाकरी गिळून ते "खाली ढकलण्याचा" प्रयत्न करू नये. माशाच्या काट्यासाठीही हा उपाय सुरक्षित नाही, आणि तार तर अधिक खोल रुतते. बोट घालून उलटी काढू नये. खाणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि स्वतःहून सांगावे, की अमुक पदार्थ जाळीवर भाजलेला होता आणि जाळी तारेने घासली होती. आपल्या या एका वाक्याने डॉक्टरांचा तपासण्याचा रोख बदलतो.

बारीक तार साध्या एक्स-रेमध्ये दरवेळी दिसतेच असे नाही, तेव्हा सीटी स्कॅनची गरज पडू शकते. धातूचा संशय असेल तर एमआरआय करू नये, कारण चुंबकाने तार हलू शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास आवर्जून सांगावे. लाळ गिळता न येणे, श्वास लागणे, मानेवर सूज, ताप, उलटीतून किंवा शौचातून रक्त अथवा जेवणानंतर एक-दोन दिवसांत वाढत जाणारी पोटदुखी यांपैकी काहीही दिसले तर रात्र उलटू देऊ नये.

काळजीवाहकांना एक विनंती. घरातील वृद्ध व्यक्ती अचानक भाकरी नको म्हणू लागली, पेजेवर आली किंवा कवळी काढून ठेवू लागली, तर "भूक मंदावली" असे समजून सोडून देऊ नका. कुठे टोचते, कधीपासून, काय खाल्ल्यावर, हे तीन प्रश्न विचारा. मी ते सोमवारी विचारले नव्हते. आता घसा दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाला विचारतो, मग त्याच्या गळ्यात माळ असो वा नसो.

आजी त्या दिवशी घरी गेल्या आणि त्यांनी सर्वांसमोर खरे ते सांगितले. संध्याकाळी पुण्याला फोन लागला. गेल्या हिवाळ्यात हुरड्याचे आमंत्रण मलाही होते. आखाड्यावर पोहोचलो तेव्हा बार्बेक्यूची तीच शेगडी मांडलेली होती. नातू जाळी उन्हाकडे तिरपी धरून उभा होता आणि आजी जुन्या धोतराच्या ओल्या फडक्याने एकेक ओळ पुसत होत्या. बाजेवर बसलेल्या आजोबांनी मला पाहताच हाक मारली, "या साहेब, भरीत व्हायलंय. आधी फडकं बघून घ्या, मगच घास घ्या!"

फडके स्वच्छ होते. मी दोनदा भरीत मागून घेतले.